कंपनीच्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन : ड्राइव्हमधलं की विंडोजमधलं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरमध्ये आमची मध्यम आकाराची कंपनी आहे, गाड्यांचे सुटे भाग आणि डाय बनवतो. आयटी माझ्याकडे. साठेक लॅपटॉप आहेत, सगळ्यांवर विंडोज प्रो, पण वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. गेल्या महिन्यात सेल्समधल्या एकाची बॅग प्रवासात चोरीला गेली. लॅपटॉपचा विमा होता. पण आत ग्राहकांची ड्रॉइंग्ज होती, दरपत्रकं होती, पगाराची एक एक्सेल होती, आणि यातलं काहीच एन्क्रिप्ट केलेलं नव्हतं. ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं समोर.

त्यातच जर्मन ग्राहकाकडून टायसॅक्सची (वाहन उद्योगातल्या माहिती सुरक्षेच्या तपासणीची) प्रश्नावली आली आहे. लॅपटॉपवरच्या माहितीचं संरक्षण कसं करता, हे लेखी द्यायचं आहे.

आमचा पुरवठादार म्हणतो, 'साहेब, या एसएसडी ड्राइव्हमध्ये एईएस-२५६ पद्धतीचं एन्क्रिप्शन कंपनीतूनच येतं. बिटलॉकर लावून मशीन कशाला हळू करता?' दुसरीकडे सगळे बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलंच एन्क्रिप्शन, लावा म्हणतात. हार्डवेअरचं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरपेक्षा जास्त पक्कं असणार असं सहज वाटतं, पण ते खरं आहे का? साठ मशीनचा प्रश्न आहे, एकदाच नीट करायचं आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

कळफलक

पुरवठादाराचं अर्धं वाक्य खरं आहे, आणि तेवढ्यानेच घात होतो.

स्वतः एन्क्रिप्ट करणाऱ्या ड्राइव्हमध्ये कारखान्यातून निघतानाच एक किल्ली तयार झालेली असते. लिहिलेला प्रत्येक बाइट त्या किल्लीने एन्क्रिप्ट होऊन चिपवर जातो, वाचताना उलटा होतो. हे कायम चालू असतं, बंद करता येत नाही. पण त्या किल्लीवर कोणी पासवर्ड लावलेला नसेल, तर वीज मिळताच ड्राइव्ह स्वतःहून उघडते. चोराने ती दुसऱ्या मशीनला लावली तरी उघडते. डब्यावर 'एईएस-२५६' छापलं असलं तरी तुमच्या हरवलेल्या लॅपटॉपमध्ये त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

तिचा उपयोग हवा असेल तर ओपल नावाच्या मानकाप्रमाणे ड्राइव्हला कुलूप लावावं लागतं. त्यासाठी एक तर बायोसमधून (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमधून) पासवर्ड द्यायचा, नाहीतर ओपल हाताळणारं सॉफ्टवेअर लावायचं, किंवा बिटलॉकरला ते काम ड्राइव्हवर सोपवू द्यायचं. म्हणजे पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा : पासवर्ड कुठे लावला आहे, आणि कोणी लावला आहे? त्याचं उत्तर 'लावायची गरज नाही' असं आलं, तर ते एन्क्रिप्शन नसल्यासारखंच आहे.

आइंधोवनकर

वरच्या प्रतिसादाच्या पुढचं सांगतो, कारण हे प्रकरण मी राहतो त्या देशातलं, नेदरलँड्समधलं आहे. इथल्या नायमेगेन शहरात रॅडबाउड विद्यापीठ आहे. तिथल्या कार्लो मेयर आणि बर्नार्ड फान गास्टेल या दोघांनी बाजारातल्या एसएसडींचं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) उलगडून पाहिलं आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. क्रुशलच्या एमएक्स१००, एमएक्स२००, एमएक्स३०० आणि सॅमसंगच्या ८४० इव्हो, ८५० इव्हो, शिवाय टी३ आणि टी५ या बाहेरून लावायच्या ड्राइव्ह, एवढ्या त्यांनी तपासल्या.

त्यांना काय सापडलं ते नीट वाचण्यासारखं आहे. काही ड्राइव्हमध्ये पासवर्ड आणि एन्क्रिप्शनची किल्ली यांचा एकमेकांशी गणिती संबंधच नव्हता. फर्मवेअर फक्त विचारत होतं, 'पासवर्ड बरोबर आहे का?' आणि हो म्हटलं की शेजारीच ठेवलेली किल्ली वापरत होतं. मग पासवर्ड शोधायची गरज उरत नाही. सर्किटवरच्या जेटॅग या चाचणीसाठी ठेवलेल्या जोडणीतून फर्मवेअरची ती एक तपासणी अशी बदलायची की उत्तर नेहमी 'बरोबर' यावं. एमएक्स३०० मध्ये तर मास्टर पासवर्ड रिकामा होता. ८४० इव्होमध्ये वेगळीच गोष्ट. एसएसडी झीज सारखी वाटली जावी म्हणून एकच नोंद दरवेळी नव्या जागी लिहिते. त्यामुळे पासवर्ड लावल्यावर किल्लीची कुलूपबंद प्रत नव्या जागी गेली, तरी जुनी उघडी प्रत चिपवर कुठेतरी पडून राहू शकत होती.

एईएसमध्ये काहीही खोट नव्हती. खोट होती किल्ली सांभाळण्यात, आणि ती बाहेरून दिसत नव्हती. मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बाजारात दोन ड्राइव्ह शेजारी ठेवल्या, एकीत किल्ली नीट गुंडाळलेली आणि दुसरीत उघडी, तर दोन्हींवर लेबल तेच, वेग तोच, आणि चुकीचा पासवर्ड दिला तर दोन्ही 'नाही' म्हणणार.

आता बिटलॉकरचा संबंध. तेव्हा विंडोजची मूळ वागणूक अशी होती की ड्राइव्हने 'मी स्वतः एन्क्रिप्ट करू शकते' असं सांगितलं आणि बाकीच्या अटी जुळल्या, तर बिटलॉकर स्वतः काही करायचा नाही, काम ड्राइव्हवर सोपवायचा. पडद्यावर मात्र 'बिटलॉकर चालू' असंच दिसायचं. म्हणजे सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवलेले लोकसुद्धा नकळत त्या फर्मवेअरवर विसंबून होते. संशोधन बाहेर आलं तसं मायक्रोसॉफ्टने सूचनापत्र काढलं, आणि सप्टेंबर २०१९ च्या अपडेटपासून नव्याने लावलेला बिटलॉकर सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनच वापरतो. सॅमसंगनेही आपल्या आतल्या ड्राइव्हसाठी ग्राहकांना सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन वापरायला सांगितलं.

मंजुळा

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मी डेटा सेंटरमध्ये काम करते, तिथे आम्ही ओपलच्या ड्राइव्ह मुद्दाम घेतो. खराब झालेली ड्राइव्ह कंपनीला परत करायची असते, तेव्हा आतली किल्ली नष्ट करायची एक आज्ञा दिली की सगळी माहिती काही क्षणांत निरुपयोगी होते. कित्येक टेराबाइट पुसत बसावं लागत नाही. पासवर्ड हरवलेली ड्राइव्ह तिच्या लेबलावर छापलेल्या ३२ अक्षरांच्या पीएसआयडीने मूळपदावर आणता येते, आतली माहिती अर्थातच जाते.

आणि वेगाचा मुद्दा पुरवठादाराने अगदीच हवेत सोडलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॉम्स हार्डवेअरने सॅमसंग ९९० प्रोवर चाचण्या घेतल्या, त्यात बिटलॉकरच्या सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनमुळे काही प्रकारच्या वाचन-लेखनाचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत पडला होता. मोठे कॅड असेंब्ली उघडणाऱ्यांना, लाखो छोट्या फायली हाताळणाऱ्यांना ते जाणवू शकतं. डिझाइन विभागाला न विचारता सरसकट निर्णय घेऊ नका.

कळफलक

मंजुळाताई, ड्राइव्ह परत देण्याबद्दल पूर्ण सहमत, तिथे हार्डवेअर सरस आहे. पण तुमच्या ड्राइव्ह कुलूपबंद खोलीतल्या रॅकमध्ये असतात. गोदाकाठ यांच्या ड्राइव्ह एसटीच्या वरच्या फळीवर असतात.

वेगाबद्दल : इंटेलने २०१० मध्ये एईएससाठी प्रोसेसरमध्ये खास सूचना आणल्या, आज कार्यालयात सापडणाऱ्या जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये त्या आहेत. आपण 'सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन' म्हणतो त्यातलं जड गणित मुळात प्रोसेसरचं हार्डवेअरच करतं. तुम्ही सांगितलेला आकडा अतिवेगवान ड्राइव्हवरचा आणि निवडक चाचण्यांतला सर्वांत वाईट आकडा आहे. एक्सेल, मेल, टॅली, ब्राउझर यात फरक कळणार नाही. डिझाइनच्या दोन मशीनवर आधी लावा, त्यांची नेहमीची सर्वांत जड असेंब्ली आधी आणि नंतर उघडून वेळ मोजा. इंटरनेटवरच्या कुठल्याही आलेखापेक्षा ते मोजमाप तुमच्या कामाचं.

गोदाकाठ

फारच मोलाची माहिती, मनापासून आभार. आज दुपारी काही मशीन तपासली. जुन्या खरेदीत क्रुशल एमएक्स३०० निघाल्या! त्यातल्या दोनवर बिटलॉकर चालू आहे, माझ्या आधीच्या माणसाने लावला असणार. तो कुठल्या प्रकारचा आहे हे कसं ओळखायचं? आणि हार्डवेअरवाला निघाला तर ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनना एकत्र लागू होणारी विंडोजची सेटिंग) बदलून भागेल का?

आइंधोवनकर

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, मॅनेज-बीडीई ही आज्ञा स्टेटससह चालवा. 'एन्क्रिप्शन मेथड' ही ओळ बघा. तिथे 'एक्सटीएस-एईएस १२८' किंवा '२५६' असेल तर काम विंडोज करतंय. 'हार्डवेअर एन्क्रिप्शन' आणि पुढे ठिपक्यांनी तोडलेले आकडे दिसले तर काम ड्राइव्हवर सोपवलेलं आहे.

फक्त पॉलिसी बदलून भागत नाही. हार्डवेअर एन्क्रिप्शनच्या वापराची पॉलिसी 'डिसेबल्ड' करायची, ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्राइव्हसाठी, आतल्या इतर ड्राइव्हसाठी आणि काढता येणाऱ्या ड्राइव्हसाठी वेगवेगळी आहे, तिन्ही करा. पण आधीच एन्क्रिप्ट झालेल्या ड्राइव्हला ती लागू होत नाही. त्या मशीनवर बिटलॉकर पूर्ण उतरवायचा आणि पुन्हा लावायचा.

लावताना 'फक्त वापरलेली जागा' की 'पूर्ण ड्राइव्ह' असं विचारेल. वापरात असलेल्या लॅपटॉपवर पूर्ण ड्राइव्हच निवडा, वेळ लागला तरी. कारण पूर्वी पुसलेल्या फायली रिकाम्या दिसणाऱ्या जागेत तशाच उघड्या असतात, आणि तुमची पगाराची जुनी एक्सेल तिथेच असायची शक्यता जास्त.

उंबरठा

चर्चा हार्डवेअर की सॉफ्टवेअर यावरच अडकू नये म्हणून लिहितो. चोरीच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न असा आहे की लॅपटॉप चालू करताना काही विचारतो का.

बिटलॉकर साध्या पद्धतीने लावला की किल्ली टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या चिपमध्ये बंद राहते, आणि मशीन सुरू होताना सगळं जागच्या जागी आहे असं दिसलं की टीपीएम ती आपणहून देऊन टाकते. वापरणाऱ्याला काही टाकावं लागत नाही. चोरालाही नाही! लॅपटॉप चालू करायचा, विंडोजच्या लॉगिनच्या पडद्यापर्यंत ड्राइव्ह स्वतःच उघडलेली असते. आता, टीपीएम ही मदरबोर्डवरची वेगळी चिप असेल तर ती किल्ली प्रोसेसरपर्यंत तांब्याच्या रेघांवरून उघडी जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका संशोधकाने जुन्या लेनोवोवर हे करून दाखवलं. रास्पबेरी पाय पिको हा काही शे रुपयांना मिळणारा छोटा बोर्ड, त्यावर बसवलेल्या स्प्रिंगच्या पिना मदरबोर्डवरच्या मोकळ्या जोडणीला टेकवल्या, आणि ४३ सेकंदांत किल्ली हातात. टीपीएम प्रोसेसरच्या आत असेल तर रेघांवर कान लावता येत नाही, पण त्यासाठी सॉफ्टवेअरने जायच्या वाटा आहेत. बिटपिक्सी म्हणून ओळखली जाणारी त्रुटी त्यातलीच, तिला तर स्क्रूही काढावा लागत नाही.

या दोन्हींवर उपाय एकच आहे. सुरुवातीला पिन. पॉलिसीत 'सुरू होताना अधिकची ओळख' अशी सोय आहे, तिथे टीपीएमबरोबर पिन सक्तीचा करा. पिन मिळाल्याशिवाय टीपीएम किल्ली देत नाही, आणि चुकीचे पिन टाकत राहिलं तर स्वतःला बंद करून घेते. म्हणून सहा आकडी पिनही पुरेसा बळकट ठरतो.

त्याला जोडून झोपेचा प्रश्न. नुसतं झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला तर किल्ली रॅममध्ये जिवंत असते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलं होतं की वीज गेल्यावरही रॅममधली माहिती काही सेकंद टिकते, आणि चिप गार केली तर मिनिटंच्या मिनिटं. हार्डवेअर एन्क्रिप्शनवाल्यांनी इथे खूश होऊ नये. एकदा उघडलेली ओपल ड्राइव्ह वीज तुटेपर्यंत उघडीच राहते. २०१५ च्या युरोपातल्या ब्लॅक हॅट परिषदेत वीज न तोडता ड्राइव्हची डेटाची वायर दुसऱ्या मशीनला लावून माहिती वाचून दाखवली होती. तेव्हा झाकण मिटलं की स्लीप नाही, हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं ड्राइव्हवर लिहून मशीन बंद. पॉलिसीतूनच लावा, लोकांवर सोडू नका.

गोदाकाठ

पिनबद्दल आमच्याकडे फार विरोध होईल. संचालकांना आधीच विंडोजचा पासवर्ड जड वाटतो, त्यात आणखी एक. आणि कोणी पिन विसरला की रात्री अकराला फोन मलाच.

जुना_सर्व्हर

गोदाकाठ, संचालकांच्या लॅपटॉपमध्येच कंपनीचं सर्वांत नाजूक सगळं असतं, त्यांना सूट दिली तर बाकी खटाटोपाला अर्थ नाही. चोरीची घटना ताजी आहे, आत्ताच बसून समजावा. फिरतीवर जाणाऱ्या सगळ्यांना पिन सक्तीचा करा. कारखान्यात टेबलाला बांधलेल्या मशीनना नंतर लावला तरी चालेल.

फोनचं भय मात्र रास्त आहे, आणि त्याचं उत्तर रिकव्हरी कीच्या व्यवस्थेत आहे. माझ्या मते अर्धं काम एन्क्रिप्ट करण्याचं आणि अर्धं हेच. पिन विसरला किंवा टीपीएमने किल्ली दिली नाही तर ड्राइव्ह उघडणारी ही की म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक गटातली संख्या ११ ने भाग जाणारी असते. त्यामुळे फोनवर आकडे सांगताना एखादा चुकला, किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर त्याच गटापाशी विंडोज अडवतं. पुढचे सात गट टाकून शेवटी 'चूक' असं होत नाही. म्हणून सांगताना गट-गटाने सांगा, समोरच्याला घाई करू देऊ नका, आणि आधी त्याच्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं तुमच्या नोंदीशी जुळवून घ्या. चुकीच्या मशीनची की वाचत बसण्यात फार वेळ जातो.

या किल्ल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत किंवा एंट्रात (कंपनीची खाती सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थांत) आपोआप जमा व्हायला हव्यात. पॉलिसीत अशी अट घालता येते की रिकव्हरी की जमा झाल्याशिवाय एन्क्रिप्शन सुरूच होणार नाही. ती अट नक्की घाला. वापरणाऱ्याच्या खासगी मायक्रोसॉफ्ट खात्यात की जाऊ देऊ नका, माणूस नोकरी सोडतो आणि की त्याच्याबरोबर जाते. आणि सगळ्या किल्ल्यांची एक प्रत सर्व्हरच्या बाहेर, छापून तिजोरीत किंवा वेगळ्या एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हवर. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पडली, मायक्रोसॉफ्टचाच अंदाज. दुरुस्ती साधी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण बिटलॉकर असलेल्या मशीनवर त्यासाठी आधी रिकव्हरी की लागत होती, आणि कित्येक ठिकाणी किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या तो सर्व्हरही पडलेला होता.

आणखी एक. बायोस अपडेट करताना बिटलॉकर 'सस्पेंड' करतात. त्या काळात किल्ली ड्राइव्हवरच उघडी ठेवलेली असते, म्हणजे एन्क्रिप्शन असून नसल्यासारखं. बाहेरच्या दुरुस्तीवाल्याकडून मशीन आलं की ते पुन्हा चालू झालंय का हे त्याच स्टेटसच्या आज्ञेत 'प्रोटेक्शन' या ओळीत पाहायचं. मदरबोर्ड बदलला असेल तर टीपीएमही नवी, मग रिकव्हरी की लागणारच.

दप्तर_दाखल

मी वकिली करते, तांत्रिक बाजू वरच्यांची. फक्त पगाराच्या एक्सेलबद्दल. कर्मचाऱ्यांची ती माहिती डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ खाली येते. वाजवी सुरक्षा उपाय न केल्याबद्दल कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत सुरक्षा उपाय सांगताना एन्क्रिप्शनचा उल्लेख नावाने आहे. या जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, ती तयारीसाठीच आहे असं समजा.

अमेरिकेतलं एक उदाहरण मी अशिलांना नेहमी सांगते. मे २००६ मध्ये तिथल्या माजी सैनिक विभागाच्या एका विश्लेषकाच्या घरातून लॅपटॉप आणि बाहेरची ड्राइव्ह चोरीला गेली. २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती, एन्क्रिप्शन नाही. वस्तू महिन्याभराने परत मिळाल्या, माहिती कोणी उघडलेली नाही असं तपास यंत्रणेने सांगितलं, तरीही २००९ मध्ये सरकारने दोन कोटी डॉलर देऊन दावा मिटवला.

म्हणून प्रत्येक लॅपटॉपच्या स्टेटसचा अहवाल तारखेसह जपून ठेवा. चोरी झाल्यावर 'एन्क्रिप्शन चालू होतं' हे नुसतं सांगून चालत नाही, दाखवावं लागतं.

कळफलक

हा शेवटचा मुद्दा पुरवठादाराच्या म्हणण्यालाही लागू होतो. बिटलॉकरचा अहवाल साठही मशीनवरून एका स्क्रिप्टने काढता येतो. वेगवेगळ्या बनावटीच्या ड्राइव्हच्या आत किल्ली कशी ठेवली आहे, याचा अहवाल तुम्हाला कोण देणार?

अर्थात हार्डवेअर कायमचं बाद असं मी म्हणत नाही. ॲपलने मॅकमधल्या टी२ चिपपासून एन्क्रिप्शन स्वतःच्या चिपमध्येच नेलं, आणि किल्ली, चिप, सॉफ्टवेअर सगळं एकाच घरचं असल्याने ते चांगलं चाललं आहे. विंडोजच्या बाजूलाही २०२५ च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने नव्या प्रोसेसरांसाठी हार्डवेअरच्या मदतीने चालणारा बिटलॉकर जाहीर केला. त्यात ते काम ड्राइव्हकडे न जाता प्रोसेसरच्या चिपकडे जातं. पुढच्या खरेदीत त्याचा विचार करा. आहेत त्या साठांसाठी मात्र सॉफ्टवेअर.

गोदाकाठ

एमएक्स३०० वाल्या दोन्ही मशीनवर स्टेटस पाहिलं. एकावर एक्सटीएस-एईएस १२८ आहे, दुसऱ्यावर 'हार्डवेअर एन्क्रिप्शन'. पडद्यावर दोघांचं कुलपाचं चिन्ह हुबेहूब सारखं. दुसऱ्यावरचा बिटलॉकर उतरवायला लावला आहे, उद्या पूर्ण ड्राइव्हसह पुन्हा लावतो. ही ड्राइव्ह पुढेमागे बदलावीच का, की सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनखाली ती वापरत राहायला हरकत नाही?

आइंधोवनकर

वापरा. विंडोज आता ड्राइव्हला एन्क्रिप्ट झालेलेच बाइट देणार, ती आत काय करते याने फरक पडत नाही. फक्त उतरवण्याचं काम चालू असताना ते मशीन कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नका.